संहिता, पाठभेद आणि औषध

या व्याख्यानाचा विषय 'जनुकीय वैद्यक सर्वांचे कसे होईल' असा जाहीर झाला, तेव्हा अनेकांच्या मनात एक शंका आली असेल. ज्याचे आयुष्य ओव्या, अभंग आणि जुन्या पोथ्या यांच्या संगतीत गेले, त्याने रक्ताच्या आणि रेणूंच्या प्रांतात पाऊल का टाकावे? उत्तर सरळ आहे. गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकाने जे नवे शास्त्र उभे केले, ते मुळात एका ग्रंथाच्या वाचनाचे शास्त्र आहे. हा ग्रंथ कोणत्या प्रतींवरून सिद्ध केला, कोणाच्या प्रती संपादकांनी पाहिल्याच नाहीत आणि त्यामुळे अर्थ लावताना कोठे घोटाळा होतो, हे प्रश्न आमच्या पेशाचे आहेत. ते सोडविण्यासाठी अलीकडे विद्यापीठांबरोबर काही उद्योजकही पुढे आले. त्यांच्या कामाची ओळख करून द्यावी, आणि त्या कामाकडे थोडे चिकित्सक नजरेनेही पाहावे, एवढाच येथे हेतू आहे.

प्रथम ग्रंथाविषयी. आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला एक मजकूर असतो. इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ती अक्षरे ए, टी, जी आणि सी अशी ओळखली जातात. एका संचात सुमारे तीन अब्ज अक्षरे भरतात. या मजकुरातील अर्थपूर्ण परिच्छेदांना आपण जनुके म्हणतो. 'जनुक' हा शब्द ज्या कोणी घडविला त्याचे मला फार कौतुक वाटते, कारण 'जन्' धातूपासून आलेला हा शब्द मराठीत जन्मलेलाच वाटतो. समग्र मजकुराला जनुकसंच किंवा सरळ जीनोम म्हणतात. तो वाचून काढण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे घोषित झाले. तरीही काही पाने गहाळ होती. ती भरून काढलेली अखंड संहिता हाती यावयास २०२२ साल उजाडले.

ही संहिता कोणाची? ती 'मानवाची' म्हणून प्रसिद्ध झाली असली तरी प्रत्यक्षात ती थोड्याशा निनावी दात्यांची आहे. अमेरिकेतील बफेलो शहरी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन स्वयंसेवक मिळविण्यात आले होते. संहितेचा सुमारे ७० टक्के भाग त्यांच्यापैकी एकाच व्यक्तीच्या रक्तावरून तयार झाला. कोणा एकाची प्रत आधाराला घेणे हा काही गुन्हा नव्हे. कोठून तरी आरंभ करावाच लागतो. उज्जैनकरांना तर हे वेगळे सांगावयास नको. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी याच नगरीवरून जाणारी रेषा मध्यरेषा मानली आणि इतर गावांच्या गणितासाठी देशांतर-संस्कार सांगितला. आरंभरेषा कोठेही धरा, आपले गाव तिच्यापासून किती दूर आहे हे ठाऊक असले की पंचांग जुळते. ते ठाऊक नसेल तर गणित बरोबर असूनही ग्रहणाची वेळ चुकते. नव्या वैद्यकात नेमके हेच अंतर मोजलेले नव्हते.

कोणाही माणसाचा जनुकसंच या आधारसंहितेशी ताडून पाहिला तर चाळीस ते पन्नास लाख ठिकाणी फरक आढळतो. शालेय पुस्तकांत अशा फरकासाठी 'उत्परिवर्तन' हा शब्द असतो. मला तो खटकतो. त्यात काहीतरी बिघडल्याची सूचना आहे, आणि रोग्याच्या कानी तो पडला की त्याचा चेहराच उतरतो. आमच्या शास्त्रात यासाठी 'पाठभेद' हा निर्दोष शब्द केव्हाचा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद आहेत. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ते पाहूनच शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठभेद म्हणजे अपराध नव्हे. काही पाठभेद अर्थ बदलतात, काही अर्थाचा अनर्थ करतात, आणि बहुसंख्य निरुपद्रवी असतात. कोणता कोणत्या जातीचा हे ठरविणे, हे संपादकाचे काम.

ते ठरते कसे? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. डॉ. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतील हस्तलिखिते गोळा केली. एकूण १२५९ हस्तलिखिते तपासली गेली असे सांगतात. एवढा खटाटोप का? काश्मीर आणि केरळ यांसारख्या दूरच्या प्रदेशांतील प्रती जेथे एकच पाठ देतात, तेथे तो पाठ जुना असण्याचा संभव मोठा, हे त्यांचे एक प्रमुख सूत्र होते. केवळ उत्तरेकडील पोथ्या घेऊन ते बसले असते तर दक्षिणेतील कित्येक अस्सल पाठ त्यांना लेखकाच्या डुलक्या वाटले असते.

जनुकीय वैद्यकातही विरळपणा हा एक मोठा निकष मानला जातो. एखादा पाठभेद निरोगी माणसांत वारंवार आढळत असेल तर तो गंभीर रोगाचे कारण असण्याचा संभव कमी. उलट तो नोंदवहीत कोठेच नसेल तर संशयित. आता नोंदवहीत ज्यांच्या प्रतीच नाहीत, त्यांचा साधासुधा पाठभेदही संशयिताच्या पिंजऱ्यात उभा राहणार, हे उघड आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा पुरावाच मिळाला. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या एका आनुवंशिक विकाराच्या तपासणीत काही कृष्णवर्णीय रुग्णांना 'तुमच्यात रोगकारक बदल आहे' असे सांगण्यात आले होते. ते बदल वस्तुतः त्या समाजात सर्रास आढळणारे आणि निरुपद्रवी होते. जुन्या अभ्यासांत कृष्णवर्णीय निरोगी माणसे थोडी जरी घेतली असती तरी ही चूक टळली असती.

याची दुसरी बाजू आपल्या देशात दिसते. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरे गळालेला एक पाठ भारतीय उपखंडात आढळतो. २००९ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवून दिले की उपखंडातील सुमारे चार टक्के लोक या पाठाचे वाहक आहेत आणि उतारवयात हृदय दुर्बल होण्याशी त्याचा संबंध आहे. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसे झाली. जगातील इतर बहुतेक भागांत हा पाठ जवळजवळ नाही. ज्या नोंदवहीत आपण नाही, तिच्यात तो सापडणार तरी कसा?

याहून जुने आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा असे उदाहरण मुंबईचे आहे. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांना मुंबईतील काही व्यक्तींच्या रक्तात एक विलक्षण गोष्ट आढळली. चालू पद्धतीने तपासले तर ते रक्त 'ओ' गटाचे दिसे, परंतु 'ओ' गटाच्या रक्ताशीही त्याचे जुळत नसे. ए, बी आणि ओ हे सर्व गट ज्या मूळ घटकावर उभे असतात, तो घटकच या व्यक्तींच्या पेशींवर नव्हता. विलायतेतील तज्ज्ञांच्या सहकार्याने हा शोध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो गट 'बॉम्बे' नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. अशा माणसाला साध्या तपासणीवर विसंबून 'ओ' गटाचे रक्त दिले तर प्राणावर बेतते. युरोपात हा गट अतिशय दुर्मिळ; आपल्याकडे दहा हजारांत एखादा सापडतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. मुंबईत कोणी बारकाईने पाहिले नसते तर असे किती मृत्यू 'अज्ञात कारण' या सदरात जमा होत राहिले असते!

आता आकडे पाहू. कोणत्या पाठभेदाचा कोणत्या रोगाशी संबंध आहे हे शोधण्यासाठी जगभर जे मोठे अभ्यास झाले, त्यांतील सहभागी व्यक्तींपैकी सुमारे ७९ टक्के युरोपीय वंशाच्या होत्या, असे २०१९ मधील एका आढाव्यात दिसून आले. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे १६ टक्के. भारताच्या बाबतीत तर नुसती संख्या वाढवूनही भागणार नाही. आपल्याकडे साडेचार हजारांहून अधिक समाज नोंदले गेले आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी शतकानुशतके विवाहसंबंध आपल्यातच ठेवले. शिंदेशाहीबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांकडेच पाहावे: उज्जैन, देवास, इंदूर, ग्वाल्हेर आणि फार तर पुणे, यापलीकडे सोयरिकी गेल्याच किती? असे झाले की मूळच्या थोड्या पूर्वजांपैकी एखाद्याचा दोषयुक्त पाठ पुढे पुष्कळांच्या घरी पोहोचतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक गट तपासले गेले. त्यांतील ८१ गटांत हा परिणाम फिनलंडचे लोक किंवा पूर्व युरोपातील ज्यू यांच्याहूनही तीव्र दिसला, आणि या ८१ पैकी १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक आहे. फिन आणि ज्यू समाजांचे आनुवंशिक विकार वैद्यकाने कधीच शोधून काढले आहेत. आपले बहुतेक समाज अजून कोरे पान आहेत.

या पार्श्वभूमीवर उद्योजकांचा प्रवेश झाला. सॅम संतोष हे मूळचे संगणकप्रणालीच्या व्यवसायातील. 'कॅलिफोर्निया सॉफ्टवेअर' ही कंपनी उभारल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले आणि २०१३ मध्ये बंगळूरला 'मेडजीनोम' ही संस्था निघाली. रुग्णालयांकडून रक्ताचे नमुने घ्यावयाचे, जनुके वाचावयाची आणि डॉक्टरांना अहवाल द्यावयाचा, हा तिचा व्यवसाय. या व्यवसायाची एक गोम ध्यानात घ्यावयास हवी. अहवालात एखाद्या पाठभेदापुढे 'अर्थ अनिश्चित' असा शेरा मारावा लागला, तर पैसे मोजूनही रुग्णाच्या हाती काही पडत नाही. भारतीय रक्त युरोपीय नोंदवहीशी ताडले तर हा शेरा वारंवार येणार. म्हणजे आपल्या लोकांची नोंदवही तयार करणे हा येथे परोपकार नव्हता. ती व्यापाराचीच गरज होती. हे मी दूषण म्हणून सांगत नाही. ज्या कामात कर्तव्य आणि हित एका दिशेने ओढतात, ते काम तडीस जाण्याचा संभव अधिक असतो.

त्यातूनच २०१६ मध्ये सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविद्यापीठाच्या आश्रयाखाली 'जीनोमएशिया १००के' हा उपक्रम घोषित झाला. मेडजीनोम आणि कोरियातील मॅक्रोजेन या कंपन्या त्यात भागीदार होत्या, आणि एक लाख आशियाई व्यक्तींचे जनुकसंच वाचण्याचा संकल्प होता. पहिला मोठा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यात ६४ देशांतील २१९ गटांच्या १७३९ व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी ५९८ भारतातील होत्या. एक लाखाच्या संकल्पापुढे ही संख्या लहान दिसेल. परंतु येथे गटांची विविधता महत्त्वाची होती. सुकथनकरांनीही एकाच गावच्या हजार पोथ्या गोळा केल्या नव्हत्या.

या अहवालातील एक निष्कर्ष सामान्य माणसाच्या कामाचा आहे. फेफऱ्यावर दिले जाणारे कार्बामाझेपिन हे जुने आणि स्वस्त औषध. काही थोड्या लोकांना ते घेतल्यावर अंगावरची त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. रोगप्रतिकारशक्तीच्या एका जनुकातील विशिष्ट पाठाशी याचा संबंध असल्याचे २००४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी दाखविले. पुढे २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी तपासणी करावी, अशी सूचना काढली. पण 'आशियाई वंशाचे' म्हणजे कोण? जपानी आणि जावाचा रहिवासी, मंगोल आणि मराठा, सारे एकाच टोपलीत? या अहवालाने दाखविले की त्या धोकादायक पाठाचे प्रमाण आशियातच गटागटांत फार वेगवेगळे आहे आणि आग्नेय आशियातील बेटांवरच्या लोकांत ते विशेष आहे. टोपली फोडून आतली फळे वेगळी करणे, हे या कामाचे खरे मोल.

भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जानेवारी २०२० मध्ये 'जीनोमइंडिया' हा प्रकल्प हाती घेतला. वीस संस्थांनी मिळून सुमारे दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचले आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ही माहिती संशोधकांसाठी खुली झाल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वृत्तांतात ८५ समाजांतील ९७७२ व्यक्तींचा हिशेब आहे, आणि त्या समाजांपैकी ३२ आदिवासी आहेत. उद्योजकाने वाट दाखविली आणि शासनाने रस्ता बांधला असे कोणी म्हणेल. मला ते तितकेसे खरे वाटत नाही, कारण शासकीय प्रयोगशाळांत हे काम पुष्कळ आधीपासून चालू होते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे नाव या संदर्भात आदराने घ्यावे लागते.

उद्योजकावर सर्व भार टाकून निश्चिंत राहता येत नाही, याचे उदाहरण आफ्रिकेत घडले. नायजेरियातील अबासी एने-ओबोंग यांनी २०१९ मध्ये '५४ जीन' नावाची कंपनी काढली. आफ्रिकेतील ५४ देशांवरून हे नाव. आफ्रिका ही मानवाची जन्मभूमी, त्यामुळे पाठभेदांची समृद्धी तेथे सर्वाधिक, आणि नोंदवहीत मात्र तिचा वाटा नगण्य. भांडवलदारांनी सुमारे साडेचार कोटी डॉलर दिले. २०२३ मध्ये कंपनी बंद पडली. दुकान बंद झाले तर माल विकून टाकता येतो. येथे माल म्हणजे हजारो माणसांनी विश्वासाने दिलेले रक्त आणि त्यातील माहिती. तिचे पालकत्व कोणाकडे जाते, हा प्रश्न भांडवल गोळा करतानाच विचारला गेला पाहिजे.

विश्वासाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगतो. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत हावासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात राहते. तिच्यात मधुमेह फार. १९९० पासून एका विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या अभ्यासासाठी म्हणून रक्त घेतले. पुढे तेच रक्त मानसिक विकार, आप्तविवाह आणि जमातीचे मूळ स्थलांतर अशा विषयांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. जमातीच्या श्रद्धेप्रमाणे ती त्या दरीतच जन्मली आहे. तिला न विचारता तिच्याच रक्तावरून वेगळी कथा रचली गेली. २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेले नमुने परत करावे लागले. 'समावेश' हा शब्द कानाला गोड लागतो. परंतु ज्याचा समावेश करावयाचा त्याला विचारले का, हे त्या शब्दात आपोआप येत नाही.

हे सारे दूरचे वाटत असेल तर आपल्या शेजारी पाहू. उज्जैनहून पश्चिमेकडे निघून रतलाम ओलांडले की भिल्लांचा मुलूख लागतो: झाबुआ, अलीराजपूर आणि नर्मदेपलीकडे आपला नंदुरबार. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. रक्तातील तांबड्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते, ए च्या जागी टी. तीन अब्जांपैकी एक अक्षर. तेवढ्याने तांबडी पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि अंगात असह्य कळा उठतात. आई आणि बाप यांच्याकडून एकेक सदोष पाठ आला तरच हा रोग होतो. एकाच बाजूने आला तर माणूस केवळ वाहक राहतो, आणि अशा वाहकाला हिवतापापासून काही संरक्षणही मिळते. म्हणूनच तापाच्या जंगलपट्ट्यात हा पाठ टिकून राहिला. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारात एक असतो.

हा रोग भारतात आहे, हे प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळले. म्हणजे बॉम्बे रक्तगट आणि हा शोध एकाच वर्षीचे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या द्वारे आदिवासी भागांत तपासणी आणि उपचार यांसाठी आयुष्य वेचले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मध्यप्रदेशात १५ नोव्हेंबर २०२१ रोजी याविषयीच्या मोहिमेचा आरंभ झाला आणि पहिले जिल्हे निवडले गेले ते झाबुआ व अलीराजपूर. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम घोषित झाली. १७ राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन, असे तिचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासलेल्यांना कार्ड द्यावयाचे आणि विवाह ठरविताना ती पाहावयाची, अशी कल्पना आहे. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. परंतु पत्रिकेतील मंगळाने आपल्याकडे किती मुलींचे विवाह अडविले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला 'वाहक' असा शेरा असलेल्या कार्डाची थोडी धास्ती वाटल्यावाचून राहणार नाही. दोघेही वाहक असतील तरच प्रश्न उद्भवतो, हे वाक्य कार्डापेक्षा आधी गावात पोहोचले पाहिजे.

आणि औषध? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, त्यांतील जनुकाचे संपादन करून त्या परत देण्याचा हा उपचार आहे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात. झाबुआच्या मजुराला ही बातमी ऐकविणे हीसुद्धा क्रूर थट्टाच ठरेल. म्हणजे नोंदवहीत नाव आले तरी दार उघडतेच असे नाही. दुसरे दार किमतीचे आहे.

ते दार ढकलून पाहण्याचे एक उदाहरण मुंबईत घडले आहे. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक राहुल पुरवार यांनी जर्मनीत आणि अमेरिकेत शिक्षण-संशोधन करून परतल्यावर रक्ताच्या काही कर्करोगांवरील पेशी-उपचार येथेच घडविण्याचे मनावर घेतले. रुग्णाच्याच संरक्षक पेशींत एक नवे जनुक घालावयाचे, म्हणजे त्या कर्कपेशींना ओळखून मारतात, असा हा उपचार. अमेरिकेत २०१७ मध्ये तो प्रथम आला तेव्हा किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. पुरवार यांनी अलका द्विवेदी, अथर्व करुळकर आणि शिरीष आर्य यांच्यासह 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी २०१८ मध्ये काढली. पेशीत जनुक पोहोचविणारा विषाणू-वाहक हा यातील सर्वांत खर्चिक घटक. तो आयात न करता त्यांनी येथेच तयार केला. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील रुग्णालयात जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शासनाची मान्यता आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. किंमत चाळीस लाखांच्या आसपास सांगितली गेली. परदेशातील किमतीच्या दहाव्या हिश्श्याजवळ; तरीही मध्यमवर्गीयाने घर विकावे एवढी. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद मिळाला. एका गोष्टीकडे मला मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. या कंपनीच्या मुळाशी सरकारी अनुदानावर चालणारी शिक्षणसंस्था आणि सार्वजनिक रुग्णालय आहे. त्या दोन खांबांशिवाय हा मांडव उभा राहिला नसता.

सिकलसेलच्या बाबतीतही तशीच जुळणी झाली आहे. दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने जनुक-संपादनाची स्वतःची पद्धत विकसित केली. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी तिची घोषणा झाली. बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ तिला 'बिरसा १०१' हे नाव देण्यात आले आणि ते तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. सायरस पूनावाला यांची ही संस्था १९६६ ची. भांडारकर मंदिराने महाभारताची आवृत्ती पुरी केली तेच साल, तेच गाव. लसी अत्यल्प दरात जगभर पोहोचविण्याचा तिचा अनुभव दांडगा आहे. मात्र लस बाटलीत भरून लाखांनी काढता येते. हा उपचार एकेका रुग्णाच्या पेशी घेऊन एकेकट्यासाठी करावयाचा असतो, त्यापूर्वी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि त्यासाठी रुग्णाला सुसज्ज रुग्णालयात आठवडेच्या आठवडे ठेवावे लागते. स्वस्त औषध बनविणाऱ्याला हा हिशेब नवा आहे. झाबुआच्या रुग्णाला असे रुग्णालय किती कोसांवर मिळेल, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. चाचणीत भाग घेण्यापूर्वी प्रत्येकाने संमतिपत्रावर सही किंवा अंगठा द्यावयाचा असतो. भिली बोलणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक भरली. ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि तिच्या बोली डोंगरागणिक बदलतात. 'तुमच्या रक्तातील माहिती साठवून ठेवली जाईल आणि पुढे अन्य संशोधनासाठी वापरली जाऊ शकेल' हे वाक्य तिच्यात कसे सांगावयाचे? 'माहिती' म्हणजे काय, 'साठवणे' म्हणजे कोठे, 'पुढे' म्हणजे किती वर्षे, आणि 'अन्य' या शब्दात काय काय येते? हिंदी मसुदा वाचून दाखवून मान डोलावून घेणे सोपे आहे. पण ते वाक्य झाबुआच्या एखाद्या म्हातारीला समजेल असे भिलीत बसवावयाचे तर भिलीचा जाणकार, डॉक्टर आणि कंपनीचा माणूस यांना एका ओसरीवर दोन-तीन दिवस बसावे लागेल. अशा ओसऱ्या झाबुआत आहेत, आणि भिली उत्तम जाणणारे शिक्षकही त्या जिल्ह्यातल्या शाळांतून आहेत.